थोरलीचे फोन, धाकटीचे कान

सकाळी मशीनवरचं झाकण निघालं की टाचणीमावशीच्या तोंडात टाचण्या जात आणि संध्याकाळी झाकण पडलं की बाहेर येत. म्हणून तर तिचं नाव टाचणीमावशी. गिऱ्हाईक आरशासमोर ताठ उभं, मावशी त्याच्या पायाशी गुडघ्यांवर, पँटचा पाय दुमडायचा, ओठांच्या कोपऱ्यातून एक टाचणी काढायची आणि कापडात खोचायची. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी उत्तर एकच.

"हं."

पण त्या 'हं'ला बाराखडी होती. वर चढत गेलेला हं म्हणजे 'एवढं आखूड? नक्की?' खाली उतरलेला म्हणजे 'होईल, बसा.' आणि नाकातून तुटक आलेला हं म्हणजे 'कापड आटलेलं नाही, कंबर वाढलीय, माझ्यावर खापर फोडू नका.' जुन्या गिऱ्हाइकांना सगळे हं पाठ होते. नवी माणसं आरशात स्वतःकडेच बघत उभी राहत आणि आपलं काय चुकलं याचा विचार करत.

पहिल्यापासून ती अबोलच. नवरा छापखान्यात होता, तो मात्र गप्पिष्ट. घरातलं बोलण्याचं खातं त्याच्याकडे आणि ऐकण्याचं हिच्याकडे, असा संसार छान चालला. तो अचानक गेला आणि बोलण्याचं खातं रिकामं पडलं ते पडलंच. मुलगी तेव्हा शाळेत होती. मावशीने सासूबाईंचं जुनं मशीन पुसून काढलं, त्याला तेल पाजलं आणि शेजारणीच्या पडद्यापासून सुरुवात केली. पहिला पडदा एका बाजूने वीतभर लांब झाला. शेजारीण म्हणाली, "असू दे, आमची खिडकीच तिरकी आहे." दुसऱ्या पडद्याला खिडकी सरळ झाली. पुढे घराची रस्त्याकडची खोली म्हणजे दुकान झालं, एकाची दोन मशिनं झाली, आणि त्याच शिलाईवर मुलगी शिकून परगावच्या मोठ्या रुग्णालयात नर्स झाली.

घर दोन भावांनी मिळून बांधलेलं. खाली थोरली, म्हणजे मावशी. वर तिची धाकटी जाऊ आणि दीर. धाकटी मावशीच्या नेमकी उलट. बस स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत तिने सगळी नोकरी काढलेली. गाडी कधी सुटणार, कुठे लागणार, मधल्या गावाला थांबणार का, शेवटची गाडी चुकली तर काय करायचं, हे सगळं तिच्या जिभेच्या टोकावर. आवाज असा की रागाने आलेला प्रवासी निम्मा राग खिडकीतच ठेवून जाई. आदल्या वर्षी ती निवृत्त झाली. फुलं मिळाली, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला कोणी काही विचारेनासं झालं. नवऱ्याने तर लग्नानंतर कधीच काही विचारलं नव्हतं. प्रश्न तोंडातून निघायच्या आत त्याला उत्तर मिळत असे.

या दोघींचा अबोला होता. कारण तसं क्षुल्लक, पण क्षुल्लक कारणांचेच अबोले टिकतात. ओळखीच्यांकडे सगळे चहाला जमले होते. यजमानांच्या नव्या कोटाचं कौतुक झालं, कोणीतरी विचारलं, कोणी शिवला? धाकटी कौतुकाने म्हणाली, "आमच्या ताईंनी. हात सोन्याचा आहे हो. फक्त वेळ विचारू नका. गाडी अनिश्चित काळासाठी उशिरा!" सगळे हसले. मावशीच्या तोंडात त्या दिवशी नेमक्या टाचण्या नव्हत्या. ती म्हणाली, "माझं कापड उशिरा का होईना, येतं. हिच्या खिडकीवर विचारून गेलेली माणसं अजून फलाटावर उभी आहेत." सगळे आणखी मोठ्याने हसले. दोघी एकत्र गेल्या होत्या, परत आल्या त्या रस्त्याच्या दोन बाजूंनी.

तेव्हापासून निरोप्याचं काम दिराकडे आलं. "वहिनी, ही विचारतेय, पाण्याची मोटर लावली का?" "सांगा, लावलीय." तो वर जाई. पुन्हा खाली. "वहिनी, मग बंद कधी करणार, असं विचारतेय." एकदा तो मधल्याच पायरीवर बसून मोठ्याने म्हणाला, "भांडण तुमच्या दोघींचं आणि गुडघे झिजतात माझे!" खालून एक हं ऐकू आला, पण तो कोणता ते त्याला समजलं नाही.

मुलीला या प्रकाराचा पत्ता होता, पण तिचं दुखणं वेगळं होतं. ड्यूटीतून वेळ काढून ती फोन करी, तो टेबलावर कापडाच्या ढिगाखाली वाजत राही आणि आई उचलेपर्यंत बंद पडे. एके दिवशी तिने सांगितलं, "आई, तुला आणि काकूला कानातले पाठवतेय."

"या वयात मला कानातले कशाला? आहेत ते पुरेत," मावशी म्हणाली.

"ते नव्हेत गं. फोनचे. बिनवायरचे. कानात घालायचे, फोन आला की बोटाने टिचकी मारायची आणि बोलायचं. हात मोकळे."

"तोंड कुठे मोकळं आहे?"

"मी बोलेन. तू हं कर."

पार्सल आलं. आत दोन पांढऱ्या डब्या, साबणाच्या लहान वडीएवढ्या, हुबेहूब सारख्या. मुलगी हुशार. रंग वेगळे पाठवले असते तर कोणाला कोणता यावरून दुसरा अबोला सुरू झाला असता. एक डबी घेऊन दीर वर गेला. मुलीने दोघींना एकच निरोप बोलून पाठवला होता. मावशीने तो दुकान उघडायच्या आधी लावला.

"आई, काकू, नीट ऐका. डबीचा दिवा लाल झाला तर तिला भूक लागलीय, चार्जिंगला लावा. हिरवा झाला की पोट भरलं. आता झाकण उघडा. कानातल्यांवर निळा दिवा झपझप लुकलुकेल. म्हणजे ते फोन शोधतायत. मग फोनमध्ये ब्लूटूथ उघडा, खाली नाव दिसेल, त्यावर बोट ठेवा. लुकलुक थांबली की जोडलं गेलं. फोन काय म्हणतो याच्यावर जाऊ नका. दिव्याकडे बघा."

मावशीने झाकण उघडलं. दोन निळे दिवे तिच्याकडे बघून डोळे मिचकावायला लागले. तिला ते आगाऊ वाटले. शिवाय उगाच चार्जिंग कशाला जाळा, म्हणून तिने झाकण मिटलं आणि मग सावकाश फोनमधलं ब्लूटूथ शोधायला घेतलं. सापडलं. खाली एक नाव आलं. तिने बोट ठेवलं. फोन म्हणाला, जोडलं. मावशीने डबी उघडली. दिवे झपझप लुकलुकतच होते.

"जोडलं म्हणतोय ना," ती स्वतःशीच म्हणाली, "मग आता कोणाला डोळे मारताय?"

झालं होतं असं, की तिची डबी बंद असताना वरची उघडी होती आणि खालच्या फोनला वरचीच सापडली. वर धाकटीचे दिवे आपोआप थांबले. तिने अजून बोटसुद्धा लावलं नव्हतं. आपला फोन जरा सावकाश चालतो हे तिला माहीत होतं, म्हणून तिने यादीत जे नाव दिसलं त्यावर ठामपणे बोट ठेवलं. ते नाव होतं खालच्या डबीचं. खाली मावशीची लुकलुक थांबली. "आत्ता अक्कल आली," मावशी म्हणाली. दोघींनी आपापले कानातले कानात घातले आणि आरशात पाहिलं. दोघींनाही आपण बऱ्या दिसतो असं वाटलं.

मावशी शाळेच्या वाद्यवृंदाचे कोट शिवायला घेऊन बसली होती. ओठांत टाचण्या, मांडीवर अस्तर. एकाएकी कानात घंटी वाजली. ती इतकी दचकली की मशीनचा टाका भलतीकडेच गेला. मग आठवलं, आणि तिने कानाला टिचकी मारली.

"काय गं, काय चाललंय?" एका बाईचा आवाज आला. अशा सलगीने बोलणारी गिऱ्हाइकं मावशीला पुष्कळ होती.

"हं," मावशी म्हणाली.

"माझं आत्ता कुठे आवरलं. सकाळपासून नळवाल्याची वाट बघतेय. आला, बघितलं, म्हणाला पान्हा विसरलो. नळवाला पान्हा विसरतो म्हणजे काय गं?"

"हं," मावशीने सहानुभूतीचा हं दिला. शिंपी कात्री विसरेल का, असं तिलाही वाटलं.

बाई नळावरून पाण्यावर गेली, पाण्यावरून शेजाऱ्यांवर. अशी माणसं असतात, त्यांना समोरून अधूनमधून एक हं मिळाला की पुरतं. मावशीचे हात चालूच होते. आणि मग बाई म्हणाली, "बरं, तुझी थोरली काय म्हणतेय? अजून फुगूनच बसलीय का?"

मावशीचे हात थांबले.

वरच्या मजल्यावरून धाकटीचा आवाज ऐकू येत होता. "हॅलो! अगं हॅलो! फोन चालू दिसतोय आणि आवाज कुठे गेला?"

मावशीने छताकडे पाहिलं, मग फोनकडे. फोन मिटल्या डोळ्यांनी टेबलावर पडला होता. त्याच्यावर कोणाचाच फोन आला नव्हता.

"तूही कमाल आहेस," कानातली बाई पुढे म्हणाली. ती धाकटीची बहीण होती, हे आता मावशीला लख्ख कळलं. "एवढी भांडलीस आणि परवा मला म्हणतेस, दुपारी तिचं मशीन वाजलं नाही तर माझा डोळा लागत नाही. मशीनच्या आवाजावरून तुला कळतं म्हणे, आज तिचा गुडघा दुखतोय की बराय. अगं मग जाऊन विचार की! जिना तर आहे मधे, समुद्र नाही!"

मावशीने आवंढा गिळला, आणि गिळता गिळता तिला आठवलं की तोंडात टाचण्या आहेत. तिने घाईघाईने त्या हातावर काढल्या, मोजल्या, सगळ्या सापडल्यावर जीव भांड्यात पडला. मग तिने कानाला टिचकी मारून फोन बंद केला.

कानावर पडलेलं ऐकणं चोरून ऐकण्यात धरतात का, असा प्रश्न तिने स्वतःला केला. उत्तर हं असं आलं. कानातले काढून डबीत ठेवायचे होते. तिने ते काढलेही. आणि पाच-दहा टाके घालून झाल्यावर पुन्हा घातले.

वरच्या मजल्यावर वेगळीच गंमत चालली होती. धाकटीच्या कानात घंटी वाजली, तिने टिचकी मारली. एक पुरुष भीतभीत म्हणाला, "टाचणीमावशी का? मी दातांचा डॉक्टर. माझा पांढरा कोट... म्हणजे, घाई नाही, पण..."

चुकीचा फोन आपल्याकडे आला हे धाकटीला कळलं. ठेवून द्यावा हेही कळलं. पण माणूस प्रश्न विचारत होता! वर्ष झालं होतं, कोणीतरी तिला विचारत होतं की अमुक कधी मिळेल. तिचा हात आपोआप पुढे गेला, समोर खिडकीची जाळी असल्यासारखा. घसा साफ झाला.

"नमस्कार. आपला कोट उद्या सकाळी मिळेल. येताना बरोबर कोणी असेल तर त्यांचंही माप देऊन जावं. आणखी काही चौकशी?"



"नाही," डॉक्टर म्हणाला. "आभारी आहे. फार आभारी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात हजर. त्याचा कोट कापलेला होता, पण बाह्या अजून वेगळ्याच पडल्या होत्या. मावशीने प्रश्नार्थक हं केला.

"तुम्हीच तर बोलावलंत," डॉक्टर म्हणाला. "काल फोनवर. खरं सांगू, इतकं गोड बोललात की मला आधी वाटलं नंबर चुकला."

मावशीने टाचण्या काढल्या. "मी काय म्हणाले?"

"उद्या सकाळी मिळेल म्हणालात. आणखी काही चौकशी, असंही विचारलंत."

'चौकशी' हा शब्द ऐकला मात्र, मावशीची नजर सरळ छताकडे गेली. वर पावलांची थोडी चुळबुळ झाली आणि थांबली. तिने डॉक्टरला खुर्ची दिली, बाह्या जोडायला घेतल्या, आणि इतकी वर्षं लोकांचे जबडे उघडे ठेवणारा तो माणूस आ वासून तिचा वेग बघत बसला. कोट घेऊन तो गेला तेव्हा मावशीच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. एक, धाकटीने आपल्या धंद्यात नाक खुपसलं. दोन, इतक्या वर्षांत आपला कोट पहिल्यांदा ठरल्या वेळेला गेला.

पहिल्या गोष्टीचा राग धरावा तर दुसरी आड येई. शिवाय राग धरून जाब विचारायचा तर बोलावं लागणार, आणि बोलायचं तर बहिणीचं आपण काय ऐकलं तेही निघणार. दिरामार्फत निरोप धाडावा म्हणून तिने त्याला हाक मारली. तो तत्परतेने उभा राहिला.

"सांगा वरती..." ती म्हणाली, आणि अडली. "काही नाही. मोटर बंद केलीय म्हणावं."

"मोटर आज लावलीच नव्हती, वहिनी."

"मग बंदच आहे की!"

दिवसभर वरून धाकटीचा खणखणीत आवाज येत राहिला. काय बोलते ते कळत नव्हतं, पण चाल ओळखीची होती. आणि फोन न उचलता गिऱ्हाइकं येत राहिली, हसतमुख. एका बाईने तर विचारलं, "मावशी, तुम्ही फोनवर बोलायला कोणी ठेवलंय का? फारच छान आहे हो ती."

"हं," मावशी म्हणाली. हा हं नवा होता, तिलाही अर्थ नीट माहीत नव्हता.

पुढच्या सकाळी ती अस्तर टाचत असताना कानात घंटी वाजली. कोणाची ते तिला ठाऊक होतं. बोट कानाजवळ गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं.

"अगं, तुझी खोली तयार झाली," बहीण म्हणाली. "भिंतींना रंग दिला, तुझ्या आवडीचा, फिकट पिवळा. पलंगही लावून घेतला. पुढच्या महिन्यात या दोघं, कायमचेच. पटलंय ना आता? बोलायलाच माणूस नाही अशा घरात कशाला राहायचं? वरचा मजला द्या भाड्याने. एखादं शांत जोडपं बघा, म्हणजे तुझ्या थोरलीलाही बरं पडेल. हो ना?"

मावशीने टाचण्या एक एक करून उशीत खोचल्या. सगळ्या.

"नाही," ती म्हणाली. "ती कुठेही येणार नाही."

"ती? ती कोण? कोण बोलतंय?"

"थोरली."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला.

"तुमच्या नळाचं काम होऊ दे," मावशी म्हणाली. "पिवळा रंग छान असेल. पाहुणी म्हणून पाठवीन चार दिवस. पण चारच." आणि तिने टिचकी मारली.

मग ती उठली. कितीतरी महिन्यांनी ती त्या जिन्याने वर निघाली होती. अर्ध्या वाटेत खाली येणारा दीर भेटला. त्याने तिला पाहिलं, भिंतीला चिकटून वाट दिली आणि काहीही न विचारता तसाच मागोमाग वर आला.

धाकटी खिडकीशी खुर्चीत ताठ बसली होती, दाराकडे पाठ. एक हात कानाशी, दुसरा हवेत. "पडदे ना? आपले पडदे गुरुवारी दुपारनंतर. हो, नक्की. मागची बाजू उन्हाने विटलीय म्हणता, ती आतून घेऊ का? अहो, त्यात काय, कामच आहे आमचं."

"गुरुवारी?" मावशी दारातून म्हणाली. "कोण शिवणार ते गुरुवारपर्यंत?"

धाकटी उडालीच. कानातला एक निसटून मांडीवर पडला.

"ताई! मी... ते लोक विचारत होते हो! मी काय करणार? तुम्ही फोन उचलत नाही, तो माझ्या कानात वाजतो. सांगणार होते मी तुम्हाला."

"कधी?"

"तुम्ही बोलल्यावर." मग तिला काहीतरी सुचलं आणि तिचे डोळे बारीक झाले. "पण ताई, माझे फोन कुठे जातात? माझ्या बहिणीचा फोन येतो, चालू होतो, आणि आवाजच नसतो."

मावशीने स्वतःच्या कानावर बोट ठेवलं.

"अगं बाई!" धाकटी म्हणाली. "काय काय बोलली ती?"

"नळवाला पान्हा विसरला."

"आणखी?"

"भिंती पिवळ्या केल्यात."

"आणखी?"

मावशीला बोलायचं होतं ते जिन्यातच जुळवलेलं होतं, पण ऐन वेळी टाके उसवले. ती एवढंच म्हणाली, "गुडघा आज बरा आहे. विचारायचं असलं तर."

धाकटी लाजली, मग चिडली, मग दोन्हीचं मिळून तिला हसू फुटलं, आणि पाठोपाठ मावशीलाही. मावशी हसताना कशी दिसते हे दीर विसरून गेला होता. आता त्याला ते पुन्हा बघायला मिळालं आणि तो चहा टाकायला आत पळाला, कारण आपण तिथे राहिलो तर कोणीतरी आपल्याला निरोप सांगायला लावील अशी त्याला भीती वाटली.

मग दोघींनी टेबलावर दोन्ही डब्या ठेवल्या, दोन्ही फोन ठेवले, मुलीचा निरोप पुन्हा लावला आणि पहिल्या सकाळी काय झालं त्याचा छडा लावला.

"माझे दिवे मी हात लावायच्या आधीच थांबले होते," धाकटी आठवून म्हणाली.

"आणि फोन जोडलं म्हणाला तरी माझे थांबत नव्हते. पोरीने सांगितलं होतं दिव्याकडे बघ म्हणून. मी त्यांनाच दटावलं."

आता उलगडायचं तर आधी दोन्ही फोनमधलं जुनं नातं पुसायला हवं होतं. फोनने विचारलं, हे उपकरण विसरायचं का?

"तू आधी विसर," मावशी म्हणाली.

"मी का आधी? तुम्ही थोरल्या."

"थोरलीने सगळंच आधी करायचं का?"

"त्या दिवशी चहाला आधी कोण बोललं होतं?" आतून दिराचा आवाज आला. दोघींनी एकदम आपापल्या फोनवर बोट ठेवलं.

मग धाकटीची डबी घट्ट मिटून उशीखाली गेली. मावशीने आपल्या डबीचं बटण दाबून धरलं, निळी लुकलुक सुरू झाली, तिने नावावर बोट ठेवलं, आणि दोघी श्वास रोखून दिव्यांकडे बघत राहिल्या. थांबले. मग मावशीची डबी उशीखाली, धाकटीची बाहेर. तेही थांबले. ओळख पटावी म्हणून मावशीने आपल्या डबीच्या कडीला लाल दोऱ्याची गाठ मारली. सगळं जिथल्या तिथे लागलं.

आणि सगळं बिघडलं. गिऱ्हाइकांचे फोन मावशीच्या कानात यायला लागले. तिने हं केला की पलीकडचा माणूस गोंधळे. दातांचा डॉक्टर आता दुसऱ्या कोटासाठी विचारत होता. तो धीर करून म्हणाला, "मावशी, त्या दुसऱ्या बाईंना फोन देता का?" वर धाकटीला तिची बहीण म्हणाली, "तू मधेमधे फार बोलतेस गं. ती तुझी थोरली किती छान ऐकून घेत होती. एक शब्द मधे नाही."

दोन-तीन दिवस दोघींनी रेटलं. मग एका दुपारी धाकटी आपली डबी आणि फोन घेऊन खाली उतरली. "ताई, मला असं वाटतं..."

"मलाही," मावशी म्हणाली आणि तिने आपली डबी पुढे सरकवली. दिवे बघत दोघींनी सगळं पुन्हा उलटं जोडून घेतलं.

तेव्हापासून दुकानाच्या चौकशा वर जातात. वरून वेळ मिळते आणि मावशीला ती पाळावी लागते, कारण धाकटी दर थोड्या वेळाने जिन्यात येऊन विचारते, "ताई, पडदे कुठवर आलेत?" मावशी कुरकुरते, पण कापड वेळेवर जातं. बहिणीचे फोन खाली येतात. ती पाऊण तास जे बोलते ते मावशी संध्याकाळी दोन वाक्यांत धाकटीला सांगते, आणि धाकटीच्या मते त्यात काहीच सुटत नाही. गिऱ्हाइकं इतकी वाढली की खोलीत तिसरं मशीन आलं. दीर काज-बटणाला बसायला लागला. बैठं काम आहे, जिना नाही, म्हणून तो खूश आहे.

मुलगी रजा घेऊन घरी आली तेव्हा दोघी बाजारात गेल्या होत्या. टेबलावर दोन डब्या आणि दोन फोन. तिने सहज बघितलं, लाल दोऱ्यावरून आईची डबी ओळखली आणि कपाळाला हात लावला. आईचा फोन काकूच्या कानाला, काकूचा आईच्या. इतकं नीट समजावून सांगितलं तरी! बिचाऱ्यांना कळलं नसेल, म्हणून तिने शांतपणे दोन्ही फोनमधलं सगळं पुसलं, एकेक डबी उघडली, लुकलुक थांबेपर्यंत वाट बघितली आणि सगळं सरळ करून ठेवलं. पिशव्या घेऊन दोघी आत आल्या तशी ती अभिमानाने म्हणाली, "तुमचं सगळं उलटं लागलं होतं. मी नीट करून दिलंय."

दोघींच्या हातातल्या पिशव्या एकदमच खाली बसल्या.

"तुला कोणी सांगितलं होतं गं हात लावायला?" आई म्हणाली.

"चार दिवसांसाठी आलीयस ना? गप आराम कर," काकू म्हणाली.

आणि पुढच्या क्षणी दोन्ही डब्या उघडल्या गेल्या, दोघी टेबलाशी डोक्याला डोकं लावून बसल्या, आणि मुलगी बघतच राहिली, कारण आई बोलत होती, भराभर, काकूला मधे एक शब्द घालू न देता. "तुझी मिट, माझी उघड. अगं मिट म्हणते ना, आधी मिट!"